कलमं कोणी केली? : जॉर्ज वॉशिंग्टनची रोजनिशी वाचताना

जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीचं झाड ही गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत कधी ना कधी ऐकलेली असते. छोट्या जॉर्जला कुऱ्हाड मिळते, तो वडिलांचं आवडतं झाड तोडतो, वडील विचारतात, आणि तो खरं काय ते सांगून टाकतो. ही गोष्ट रचलेली आहे. मेसन वीम्स नावाच्या पाद्र्यानं लिहिलेल्या चरित्राच्या पाचव्या आवृत्तीत, १८०६ साली, ती आली. तोपर्यंत वॉशिंग्टनला जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. खरं बोलायला शिकवणारी गोष्टच खोटी निघावी यावर विनोद पुष्कळ करून झाले आहेत, त्यात मी भर घालत नाही. मला बोलायचं आहे ते दुसऱ्याच चेरीबद्दल.

वॉशिंग्टनच्या रोजनिशीत मार्च १७६०मध्ये एक नोंद आहे. त्या दिवशी चेरीची चाळीस कलमं केली. त्यातली बारा एका जातीची, अठरा लवकर येणाऱ्या मे चेरीची, दहा 'कॉरोनेशन' जातीची. शिवाय प्लमची बारा. ज्याच्या नावावर आपण एक झाड तोडल्याची गोष्ट चिकटवली, त्याच्या स्वतःच्या वहीत एका दिवसात चाळीस झाडं लागतात, हे वाचून मला आधी मजा वाटली. मग मी त्या नोंदीचं मनातल्या मनात मराठी करायला गेलो आणि अडकलो.

इंग्रजी रोजनिशी लिहिणारे वाक्याच्या सुरुवातीचा 'मी' गाळतात. वॉशिंग्टनही गाळतो. त्याच्या वाक्यात क्रियापद असतं, कर्म असतं, आकडा असतो, कर्ता नसतो. वाचणारा तो आपसूक भरतो, वही वॉशिंग्टनची म्हणजे कलमं वॉशिंग्टननं केली. मराठीत मात्र आपल्याकडे दोन क्रियापदं आहेत. 'चाळीस कलमं केली' आणि 'चाळीस कलमं करवून घेतली'. भाषांतर करणाऱ्याला यातलं एक निवडावं लागतं, आणि निवडण्यासाठी त्या दिवशी त्या बागेत चाकू कोणाच्या हातात होता हे विचारावं लागतं. रोजनिशीची पुढची सगळी पानं मी हाच प्रश्न विचारत वाचली.

मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि गेली सहा वर्षं कोड लिहितो आहे. रॉन चर्नाव यांचं 'वॉशिंग्टन: अ लाइफ' हे २०१०मध्ये आलेलं, पुलित्झर मिळालेलं जाडजूड चरित्र मी कंपनीच्या बसमध्ये जाता-येता वाचून काढलं. चरित्र उत्तमच आहे. पण त्यातल्या तळटिपा पुनःपुन्हा रोजनिशीकडे बोट दाखवत होत्या, म्हणून मी तिकडे गेलो. डोनाल्ड जॅक्सन आणि डोरोथी ट्वोहिग यांनी १९७६ ते १९७९ या काळात ती सहा खंडांत संपादित केली. आता अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'फाउंडर्स ऑनलाइन' या संकेतस्थळावर ती कोणालाही फुकट वाचता येते.

साहित्य म्हणून या रोजनिशीला कोणी फारसं विचारत नाही. जॉन अ‍ॅडम्सच्या रोजनिशीत माणूस स्वतःशी भांडतो, हेवा करतो, खंतावतो. वॉशिंग्टनच्या वहीत यातलं जवळपास काहीच नाही. वारा कुठल्या दिशेचा, जेवायला कोण होतं, कुठल्या शेतावर गेलो, काय पेरलं. सुरुवातीच्या वर्षांत तर तो छापील पंचांगात कोरी पानं घालून त्यांवर लिहायचा. पुढे महिन्याच्या डोक्यावर तो जे शीर्षक देऊ लागला, तेही आपला वेळ कुठे आणि कसा खर्च झाला अशा अर्थाचं. 'माझ्या मनात काय चाललं आहे' याला त्यात जागाच नाही. त्यामुळे चरित्रकार इथून तारीख आणि हवामान उचलतात आणि मन शोधायला पत्रांकडे जातात.

माझा अनुभव उलटा आहे. रोज सर्व्हरचे लॉग वाचणाऱ्या माणसाला ही वही कोरडी वाटत नाही. लॉगमध्ये भावना नसतात, पण काय नोंदवायचं हे कोणीतरी ठरवलेलं असतं आणि त्या ठरवण्यातून लिहिणारा कळतो. वॉशिंग्टन काय मोजतो आणि काय मोजत नाही, यात तो जितका उघडा पडला आहे तितका त्याच्या कुठल्याही भाषणात पडलेला नाही.

५ फेब्रुवारी १७६०ची नोंद घ्या. वॉशिंग्टन तेव्हा सत्तावीस वर्षांचा आहे. सैन्यातून परतला आहे, मार्था कस्टिस या श्रीमंत विधवेशी लग्न होऊन वर्ष झालं आहे, व्हर्जिनियाच्या विधिमंडळावर निवडून आला आहे, आणि पोटोमॅक नदीकाठची माउंट व्हर्ननची शेती नव्या उत्साहानं हातात घेतली आहे. त्या दिवशी त्याच्या लक्षात येतं की जॉर्ज, टॉम, माइक आणि धाकटा बिली या चार सुतारांनी आदल्या दिवशी दहा वाजल्यापासून मिळून फक्त १२० फूट लाकूड तासलं. मग तो तिथेच बसतो आणि बघतो. टॉम आणि माइक अर्ध्या तासाच्या आत एका पॉप्लरच्या ओंडक्याभोवतीची झुडपं साफ करतात, दहा फुटांची रेघ मारतात आणि आपापली बाजू तासून मोकळे होतात. वॉशिंग्टन हिशेब मांडतो. सूर्योदय ते सूर्यास्त काम, न्याहारीसाठी दोन तास वजा, तर सध्याच्या दिवसमानात प्रत्येकानं १२५ फूट द्यायला हवं. दिवस मोठा होईल तसं जास्त. पुढे करवतकामाचाही असाच हिशेब. आणि शेवटी, हे सगळं पॉप्लरच्या लाकडाचं झालं, दुसऱ्या लाकडाला काय फरक पडतो ते पुढच्या निरीक्षणांतून कळेल, अशी सावध पुस्ती.

ही नोंद मी तीनदा वाचली. कारखान्यातले स्टॉपवॉच घेतलेले साहेब यायला अजून शंभरावर वर्षं होती आणि इथे सगळं तयार आहे: मोजणी, अपेक्षित वेग, गृहीतकं आणि त्यांच्या मर्यादा. एक गोष्ट मात्र या हिशेबात धरलेली नाही. मालक समोर बसून बघतो आहे तो अर्धा तास आणि तो नसतानाचा दिवस सारखे नसतात. आमच्या टीममध्ये पहिल्या महिन्यात आलेल्या पोरालाही हे कळतं. टॉम आणि माइकनं आदल्या दिवशी चारजणांत १२० फूटच का तासलं, हे वॉशिंग्टनला कोडं वाटतं. ज्याला मजुरी मिळत नाही आणि काम सोडून जाता येत नाही, त्याच्या हातात आपला वेग तेवढाच उरतो, ही शक्यता त्या पानावर येत नाही.

तरीही या नोंदीत चार नावं आहेत. कलमांच्या नोंदीत नव्हती. काम झालं की कर्ता नाहीसा होतो; काम कमी पडलं की नावं येतात. मी हे नंतर मुद्दाम तपासत गेलो. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये वॉशिंग्टन नव्या धर्तीचा नांगर बनवायला बसतो. लोहारकाम करणारा पीटर आणि मी, असं तो लिहितो, आम्ही खटपट केली आणि तूर्त नाद सोडला. तीन आठवडेही होत नाहीत तोवर दुसरी नोंद येते. दिवसाचा बराचसा भाग स्वतःच्या कल्पनेचा नवा नांगर करण्यात गेला. दुसऱ्या दिवशी तो जुंपला आणि चांगला चालला. फसलेल्या नांगराच्या वाक्यात पीटर आहे, चाललेल्या नांगराच्या वाक्यात नाही. यात वॉशिंग्टन खोटं बोलतो आहे असं मी म्हणत नाही. वही लिहिताना त्याला हे जाणवलंही नसेल, आणि म्हणूनच हा पुरावा मला महत्त्वाचा वाटतो.

हे वाचताना मला माझे आजोबा आठवत होते. 'यंदा चार एकर तूर पेरली,' असं ते सांगायचे तेव्हा पेरणारा सालगडी बहुतेक वेळा अंगणातच बसलेला असायचा. आजोबा गेल्यावर त्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या. पेरणीच्या पानांवर त्या माणसाचं नाव एकदाही नाही. ते आहे उचलीच्या हिशेबात, वर्षानुवर्षं, पुढे ओढलेल्या बाकीसकट.

सालगडी गुलाम नव्हता. तो साल संपल्यावर दुसरीकडे जाऊ शकत होता, त्याची मुलं कोणी विकू शकत नव्हतं. हा फरक पुसून टाकणारी तुलना मला करायची नाही. वॉशिंग्टननं १७६६मध्ये टॉम नावाच्या एका मुकादमाला, तो ऐकत नाही आणि पळून जातो म्हणून, जहाजाच्या कप्तानाबरोबर वेस्ट इंडीजला विकायला पाठवलं. त्या बदल्यात त्यानं मागवलेल्या वस्तूंची यादी पत्रात आहे: काकवी, रम, लिंबं, दहाएक पौंड चिंच, थोडी मिठाई. असल्या यादीला तुलना नसते. तुलना आहे ती फक्त वाक्यरचनेची, आणि ती मला घरातली म्हणून ओळखू आली.

आता या शेतकऱ्याचा राजकारणी कसा झाला, याकडे येतो. वॉशिंग्टन सुरुवातीला तंबाखू पिकवायचा. माल लंडनच्या व्यापाऱ्याकडे जायचा. तोच विकणार, भाव तोच कळवणार, तोही कित्येक महिन्यांनी. आणि कपडे, अवजारं, फर्निचर हेही त्याच्याच मार्फत, त्याच्याच खात्यावर येणार. अडत्याच्या दुकानाशी ज्याच्या घराचा संबंध आला आहे त्याला ही रचना समजावून सांगायला नको. १७६४मध्ये लंडनहून हिशेब आला, तर वॉशिंग्टनच्या नावावर अठराशे पौंडांवर कर्ज निघालं. पुढच्या दोनेक वर्षांत त्यानं माउंट व्हर्ननवर तंबाखू बंद करून गहू धरला. व्हर्जिनियात तंबाखूवाल्याला 'प्लँटर' म्हणत आणि धान्यवाल्याला 'फार्मर'. आपण दोघांनाही शेतकरी म्हणू, पण वॉशिंग्टनच्या दृष्टीनं 'फार्मर' होणं म्हणजे त्या अडत्याच्या खात्यातून बाहेर पडणं होतं. १७६९मध्ये ब्रिटिश मालावर बहिष्कार घालण्याची योजना व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींपुढे मांडण्यात तो पुढे होता. स्वातंत्र्ययुद्धाला एकच कारण नसतं, पण याच्या बाबतीत एक धागा शेताच्या हिशेबातून निघतो, आणि मला तो त्याच्या भाषणांपेक्षा जास्त पटतो.

गौरवचरित्रांना मात्र या शेतकऱ्याकडून वेगळंच काम करून घ्यायचं असतं. नांगर सोडून देशासाठी तलवार घेणारा आणि विजयानंतर पुन्हा नांगराकडे जाणारा रोमन सिनसिनॅटस, या साच्यात वॉशिंग्टनला त्याच्या हयातीतच बसवलं गेलं. रिचमंडमध्ये फ्रेंच शिल्पकार उदाँ याचा पुतळा आहे, त्यात वॉशिंग्टनच्या मागे नांगर आहे. तो नांगर त्याच्या निःस्वार्थीपणाचा दाखला म्हणून तिथे ठेवलेला आहे. रोजनिशीतला नांगर वेगळा आहे. तो तुटतो, नीट चालत नाही, पुन्हा भट्टीत जातो.

चर्नाव या साच्यात पूर्ण अडकत नाहीत, गुलामीबद्दल ते स्पष्ट लिहितात. माझी तक्रार इतकीच की त्यांच्या पुस्तकात शेती दोन मोठ्या घटनांमधल्या विश्रांतीसारखी येते. रोजनिशीत उलट आहे. १७८७च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात राज्यघटना तयार होत होती आणि वॉशिंग्टन त्या परिषदेचा अध्यक्ष होता. चर्चा गुप्त ठेवायची असा नियम होता, त्यामुळे वहीत वादविवादाचा मागमूस नाही. पण जुलैअखेरीस सुट्टी मिळते आणि तो काही मंडळींबरोबर मासे धरायला व्हॅली फोर्जच्या बाजूला जातो. याच जागी दहा वर्षांपूर्वी त्याच्या सैन्यानं तो भयंकर हिवाळा काढला होता. तो एकटाच घोड्यावरून जुन्या छावणीत फिरून येतो आणि लिहितो की बांधकामं पडली आहेत. एवढंच. परतताना त्याला काही शेतकरी काम करताना दिसतात. तो थांबतो, बोलत बसतो, आणि मग बकव्हीट म्हणजे कुट्टू कसा पेरायचा आणि तो गुरांना कसा घालायचा याची सविस्तर माहिती लिहून काढतो.

चरित्रकार इथे त्याच्या मौनात दुःख वाचतात, आणि ते असेलही. मला या पानावर दुसरं काही दिसलं. सबंध रोजनिशीत दुसऱ्याच्या हाताला काय माहीत आहे हे इतकं लक्ष देऊन ऐकणारा वॉशिंग्टन फार कमी वेळा भेटतो. रस्त्याकडेच्या त्या अनोळखी गोऱ्या शेतकऱ्यांकडून तो शिकतो. आपल्या शेतावर तीस-तीस वर्षं मातीत असलेल्या माणसांशी असं बोलणं झाल्याची नोंद मला सापडली नाही. त्यांच्याकडून त्याला काम हवं होतं.

राष्ट्राध्यक्ष असताना तो हे काम लांबून मोजत राहिला. दर आठवड्याला माउंट व्हर्ननहून तक्ता यायचा. कुठल्या शेतावर किती माणसं, त्यांचे एकूण किती दिवस, त्यातले नांगरणीत किती, कुंपणात किती, आजारपणात किती, बाळंतपणात किती. त्याला तो लांबलचक उत्तरं लिहायचा. असा तक्ता मी स्वतः बनवला आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एका ग्राहकाचं काम आलं होतं. गोदामात वस्तू उचलून खोक्यात भरणाऱ्या माणसांना एका वस्तूला किती सेकंद लागतात हे दाखवायचं. मी ते चांगलं केलं, कौतुकही झालं. त्यात नावं नव्हती, फक्त क्रमांक. पाणी प्यायला गेलेला वेळ कुठल्या रंगात दाखवायचा यावर आम्ही अर्धा तास चर्चा केल्याचं मला आठवतं. टॉम आणि माइकची नोंद वाचेपर्यंत मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

पण या मोजण्याला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर वॉशिंग्टनवर अन्याय होईल. फेब्रुवारी १७८६मध्ये रोजनिशीतच तो आपल्याकडच्या सगळ्या गुलामांची नावनिशीवार यादी करतो. २१६ नावं. १७९९च्या उन्हाळ्यात पुन्हा यादी होते आणि आता ३१७ माणसं आहेत, प्रत्येकाचं नाव, अनेकांचं वय, नवरा किंवा बायको कोण आणि कुठल्या शेतावर, काम होतं की होत नाही. गव्हाला तंबाखूइतकी माणसं लागत नाहीत. आपल्याकडे शेतीला लागतात त्याहून कितीतरी जास्त माणसं आहेत आणि ती विकणं आपल्या तत्त्वात बसत नाही, असं तो त्या ऑगस्टमध्ये पुतण्याला कळवतो. टॉमला चिंचेच्या बदल्यात धाडणाऱ्या माणसापासून इथपर्यंत तेहतीस वर्षं लागली. त्याच जुलैमध्ये केलेल्या मृत्युपत्रात, मार्थाच्या मृत्यूनंतर आपल्या मालकीच्या गुलामांना मुक्त करावं, म्हाताऱ्यांना पोसावं, अनाथ मुलांना वाचायला आणि काहीतरी काम शिकवावं, असं तो लिहून ठेवतो.

मुक्त होणार होती ती यादीतली साधारण सव्वाशे माणसं. १५३ जण मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले होते, त्यांच्यावर वॉशिंग्टनचा कायदेशीर हक्क नव्हता. याद्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या. नवरा एका रकान्यात, बायको दुसऱ्या. १८०१च्या आरंभी मार्थानं वॉशिंग्टनच्या गुलामांना मुक्त केलं, आणि तिच्या मृत्यूनंतर उरलेले तिच्या नातवंडांत वाटले गेले. किती घरं मधोमध फाटली हे त्या यादीवरूनच कळतं, कारण नवरा-बायकोची नावं वॉशिंग्टननं स्वतः लिहून ठेवली होती.

यादीतून स्वतः बाहेर पडलेली एक बाईही आहे. ओना जज ही मार्थाची खास दासी १७९६मध्ये फिलाडेल्फियातल्या राष्ट्राध्यक्षांच्या घरातून, घरचे जेवायला बसलेले असताना, निघून गेली. वॉशिंग्टननं तिला परत आणण्याचे प्रयत्न केले, ते फसले. ती न्यू हॅम्पशायरमध्ये गरिबीत राहिली आणि १८४०च्या दशकात तिनं वृत्तपत्रांना मुलाखती दिल्या. एरिका आर्मस्ट्राँग डनबार यांचं 'नेव्हर कॉट' हे २०१७चं पुस्तक तिच्यावर आहे. माझ्या मते चर्नाव आणि डनबार ही पुस्तकं जोडीनं वाचावीत. एका पुस्तकात कर्ता आहे तो दुसऱ्यात कर्म होतो.

महात्मा फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केलं, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झळ सोसली. दहा वर्षांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून त्यांनी शेतात राबणारा कोण आणि त्याच्या जिवावर जगणारा कोण हे वेगळं करून दाखवलं. ही दोन पुस्तकं मी कॉलेजात वेगवेगळ्या विषयांवरची म्हणून वाचली होती. वॉशिंग्टनच्या वहीनंतर ती एकाच प्रश्नाची वाटतात. 'शेतकरी' म्हणताना आपण कोणाबद्दल बोलतो आहोत?

रोजनिशीतली शेवटची नोंद १३ डिसेंबर १७९९ची आहे. सकाळी बर्फ, सुमारे तीन इंच. वाऱ्याची दिशा. रात्री पारा अठ्ठावीसवर. आदल्या दिवशी तो बर्फ आणि गारांच्या पावसात पाच तास घोड्यावरून शेतं बघत फिरला होता आणि त्याचा घसा धरला होता. दुसऱ्या दिवशी रात्री तो वारला. त्याच्या सचिवानं, टोबायस लिअरनं, त्या दिवसांची हकीकत लिहून ठेवली आहे. तीत एक गोष्ट आहे जी रोजनिशीत नाही. १३ तारखेला दुपारी, घसा दुखत असताना, वॉशिंग्टन घर आणि नदी यांच्या मधल्या उतारावर गेला होता. तिथली काही झाडं तोडायची होती. कुठली, त्यांच्यावर तो खुणा करून आला.

झाडं तोडणारी माणसं त्या उन्हाळ्याच्या यादीत होती.